चारचा आठ

"तुमी माझ्या चारचा आठ केलाय, आनि वरून मलाच इचारताय इंजिन कुटनं आनलं म्हनून."

वाल्मीक पवळे खिडकीच्या जाळीला तोंड लावून बोलत होता. मागे रांग होती. रांगेतल्या माणसांना त्याच्या चारशीही घेणं नव्हतं नि आठशीही; त्यांना जेवणाच्या सुट्टीआधी आपला कागद आत जायला हवा होता. आतल्या बाईंनी मान वर केली नाही. गाड्यांच्या त्या पासिंगच्या ऑफिसात मान वर करायलाही लेखी आदेश लागत असावा.

"काका, सिस्टीममध्ये आठ आहे," बाई म्हणाल्या.

"इंजिनावर चार हाय."

"मग इंजिन चुकीचं आहे."

वाल्मीकला वाटलं, गर्दीत आपण भलतंच ऐकलं. त्याने कान जाळीजवळ नेला. बाईंनी तेच वाक्य पुन्हा, लहान मुलाला समजवावं तसं सावकाश म्हटलं.

"बाई, लोखंड हाय ते," तो म्हणाला. "त्याच्यावर जे ठोकलंय ते ठोकलंय. ते कसं चुकंल?"

"आम्हाला सिस्टीमप्रमाणे चालावं लागतं."

प्रकरण एवढंसंच होतं. वाल्मीकने आपल्या जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन बसवलं होतं. त्याला या ऑफिसाची परवानगी लागते, म्हणून त्याने तीन महिन्यांपूर्वी रीतसर अर्ज केला. अर्जात नव्या इंजिनाचा नंबर लिहिला: ३२०४२३. मराठीत लिहिला, कारण खिडकीच्या वरच भली मोठी पाटी होती, 'या कार्यालयात सर्व अर्ज मराठीतूनच स्वीकारले जातील.' आता गंमत बघा. तीन, दोन आणि शून्य मराठीत लिहा नाहीतर इंग्रजीत, दिसायला सारखेच. अख्ख्या नंबरात एकटा चारच काय तो मराठी दिसत होता, आणि नेमका तोच कुणीतरी इंग्रजी आठ म्हणून वाचला नि कॉम्प्युटरात टाकला. ४ चा 8 झाला. परवानगीचं पत्र आलं ते 320823 ह्या इंजिनाचं. असलं इंजिन वाल्मीकने जन्मात पाहिलं नव्हतं.

"आकडे मराठीत लिहायला कोणी सांगितले होते?" बाईंनी विचारलं.

वाल्मीकने बोट वर पाटीकडे केलं. बाईंना आतून पाटी दिसत नव्हती, पण तिच्यावर काय लिहिलंय ते त्यांना माहीत होतं.

"ते अक्षरांसाठी आहे. आकडे इंग्रजीतच लिहायचे असतात."

"असं कुटं लिवलंय?"

"सगळ्यांना माहीत असतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "ओ मामा, सरका की. आमालाबी घरदार हाय."

आज बुधवार होता. परवानगीची मुदत शुक्रवारी संपत होती. शुक्रवारपर्यंत इंजिनाची नोंद झाली नाही तर परवानगी रद्द. आणि कागदावर जीपचं आयुष्यही, म्हणजे तिच्या नोंदणीची मुदत, त्याच दिवशी संपत होतं. मग पुन्हा अर्ज नाही, विनंती नाही. गाडी सरळ भंगारात.

वाल्मीक सरकला.

तो काही नावाजलेला मेकॅनिक नव्हता. पिरंगुटच्या एका कंपनीत एकोणतीस वर्षं होता. कंपनी डिझेल इंजिनं जोडायची. पट्ट्यावरून इंजिन यायचं, वाल्मीक त्याच्या डाव्या अंगाचे चार बोल्ट आवळायचा, इंजिन पुढे जायचं. मग दुसरं. एकोणतीस वर्षं तेच चार बोल्ट. इंजिन सुरू करून बघायची शेड भिंतीपलीकडे होती आणि तिकडे जायला वेगळा पास लागायचा. तो पास वाल्मीकला कधी मिळाला नाही. त्याच्या हातातून गेलेल्या इंजिनांतलं एकही त्याने चालताना ऐकलं नव्हतं. लग्नाकार्यात कुणी म्हणालं, 'आमचे पाहुणे इंजिनं बनवत्यात,' की तो पाणी आणायच्या निमित्ताने उठून जायचा. चार बोल्टांना इंजिन म्हणायची त्याला लाज वाटायची.

कंपनीने दुसऱ्या राज्यात बस्तान हलवलं तेव्हा प्रत्येकाला एकेक भिंतीवरचं घड्याळ देऊन हात जोडले. घरी आल्यावर पंधरा दिवस वाल्मीकला स्वतःचं काय करावं ते कळेना. सोळाव्या दिवशी त्याने बायकोची, लीलाबाईची, म्हैस मेव्हण्याकडे पोचवली, गोठा धुऊन काढला आणि अंगणात सहा वर्षं मरून पडलेली जीप आत ढकलली. तिच्या इंजिनाला मधोमध तडा गेलेला होता. गव्हाणीत पाने-हातोड्या मांडल्या, आढ्याला साखळीची कप्पी टांगली.

"म्हस दूध तरी द्येत व्हती," लीलाबाई म्हणाली. "ही काय देनार?"

"बघशील."

"बघत्येच हाय. तीस वर्सं बघत्येय."

दुसरं इंजिन त्याने मुद्दाम आपल्याच कंपनीचं शोधलं. भंगारवाल्याकडे कापलेल्या टेम्पोतलं मिळालं. पावती घेतली, पावतीवर शिक्का घेतला. आणि मग जे सुरू झालं ते दोन वर्षं संपलं नाही. इंजिन खाली सोडलं तर त्याचे पाय जीपच्या सांगाड्यावर बसेनात. जाड पट्ट्या कापून नवे पाय केले. पाय बसले तर खालचं तेलाचं भांडं पुढच्या आसाला घासायला लागलं. भांडं कापून उथळ केलं तर गळायला लागलं. गळती थांबली तर पंखा रेडिएटरला लागला. रेडिएटर पुढे सरकवला तर बॉनेट मिटेना. बॉनेट मिटलं तेव्हा कळलं की गिअरची दांडी आता चालवणाऱ्याच्या गुडघ्यात येते. एक दुरुस्त करावं तर ते दुसऱ्याला हाताला धरून हजर. सहा वेळा ते इंजिन खाली उतरवलं आणि सहा वेळा पुन्हा वर चढवलं. वाल्मीकने त्या दोन वर्षांत जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या एकोणतीस वर्षांत सुपरवायझरलाही घातल्या नव्हत्या.

वरच्या खोलीत भाड्याने राहणारी किमया, नांदेडकडची, घरूनच एका कॉम्प्युटर कंपनीचं काम करायची. जिन्यावरून डोकावून विचारायची, "काका, प्रोजेक्ट कुठवर आला?"

"माघारी चाललाय."

"आमचापण."

मग एका सकाळी ते सुरू झालं. आधी खोकलं, गोठा काळ्या धुराने भरला, आणि हळूहळू एका लयीत धडधडायला लागलं. वाल्मीक पाना हातात धरून उभा राहिला. पंचावन्नाव्या वर्षी तो आपल्या कंपनीचं इंजिन पहिल्यांदा ऐकत होता. आणि ह्याचे सगळे बोल्ट त्याचे होते. लीलाबाई अंगणात कुरडया घालत होती, ती चिकाच्या हातानेच दारात आली.

"धूर लई करतंय," ती म्हणाली.

मग तिने हात पुसले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. कुठे जायचं नव्हतं. दोघं तशीच बसून राहिली, इंजिन चांगलं तापेपर्यंत.

तपासणीला मात्र ते कुणी ऐकलंच नाही. तपासणीच्या साहेबांनी बॉनेटखाली वाकून इंजिनावरच्या नंबरावर कागद ठेवला, वरून पेन्सिल घासली. कागदावर आकडे उमटले, स्वच्छ, 320423. साहेबांनी कागद बघितला, परवानगीचं पत्र बघितलं, आणि मग वाल्मीककडे असं बघितलं की त्याचा हात आपोआप खिशातल्या पावतीकडे गेला.

"इंजिन कुठून आणलं?"

वाल्मीकने पावती दाखवली. पाय कुणी बनवले, भांडं कसं कापलं, एवढा खटाटोप कशासाठी केला, हे साहेबांनी विचारलं नाही.

"चालू करून दावू का सायेब?"

"गरज नाही. नंबर जुळत नाही."

तो पेन्सिल घासलेला कागद त्यांच्याच फायलीत लावलेला आहे. त्यांच्याच माणसाच्या हाताने उमटलेला चार. तरी वाल्मीकला दारोदार फिरवलं. मोठे साहेब म्हणाले, चूक दुरुस्त करायची तर मूळ अर्ज बघावा लागेल. मूळ अर्ज रेकॉर्डला. रेकॉर्ड दुसऱ्या इमारतीत हलवायचं चाललेलं, गठ्ठे बांधलेले, सोडणार कोण? मग कुणीतरी सांगितलं, इंजिन चोरीचं नाही असा पोलिसांचा दाखला आणा. चौकीत हवालदाराने विचारलं, "चोरीला गेलंय का?"

"न्हाई."

"मग जे गेलंच नाही त्याचा दाखला मी कुठल्या वहीतून काढू?"

हवालदाराचं त्याच्या जागी बरोबर होतं. सगळ्यांचंच आपापल्या जागी बरोबर होतं. चूक तेवढी इंजिनाची.

किमयाने फोनवरून तक्रार टाकून दिली. इंजिन नंबराच्या चौकटीत तिने आधी ४ टाकून बघितला. खाली लाल अक्षरं आली, 'कृपया वैध अंक भरा.'

"काका, मराठी चार म्हणजे ह्याला अंकच वाटत नाहीये."

इंग्रजी आकड्यांत तक्रार गेली आणि नवव्या दिवशी निरोप आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.'

"म्हंजी काय केलं?" वाल्मीकने विचारलं.

"काही नाही. आमच्याकडेही असंच करतात. तक्रारीचं तिकीट बंद, काम तसंच."

तर असा तो बुधवार. खिडकीवरून वाल्मीक बाहेर आला तर आवारातल्या झाडाखाली शेखर दिसला. शेखर वाल्मीकच्या भावकीतला. बाहेर उभा राहून लोकांचे कागद आत पोचवायचं काम करायचा. मांडीवर दहा फायली, कानामागे पेन.

"काय तात्या, पडला का आठ?"

"न्हाई पडत."

"तुमी उलटं धरलंय म्हनून." शेखरने बसायला जागा केली. "ह्यांना कागद बदलायला सा म्हयनं लागत्याल. तुमाला लोखंड बदलायला सा मिनटं. चार घासा, आठ ठोका. शुक्रवारी गाडी घेऊन या, मी उभा ऱ्हातो."

"खोटा नंबर ठोकू?"

"खोटा कसा? सरकारच्या कागदावर हाय त्योच नंबर. उलट आत्ता तुमचा खोटा हाय."

वाल्मीकला खरं तर राग यायला हवा होता. पण तीन महिन्यांत या आवारात पहिल्यांदा कुणीतरी त्याला सरळ रस्ता दाखवत होतं. त्याला ते पटलं, आणि पटलं ह्याचंच त्याला वाईट वाटलं. घरी जाताना त्याने कोंडाजीला फोन लावला.

कोंडाजी त्याच्याच कंपनीतला, पट्ट्याच्या अगदी शेवटी असायचा. इंजिनांवर नंबर ठोकायचं काम बावीस वर्षं त्याच्याकडे. एकेका आकड्याचा पोलादी ठोकळा, डाव्या हातात ठोकळा, उजव्या हातात हातोडी, एका आकड्याला एकच घाव. गुरुवारी सकाळी तो पौडहून एसटीने आला. काखेत कापडात गुंडाळलेले ठोकळे. चहा घेतला, चष्मा चढवला, बॉनेटखाली वाकला, रॉकेलच्या बोळ्याने नंबर पुसला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"वाल्मीका, ह्यो माझा हात हाय."

"कशावरनं?"

"ह्यो चार बघ. पाय कसा फेंगडा पडलाय. माझ्या चारच्या ठोकळ्याचा कोपरा उडाला व्हता. सायबाला तीनदा सांगितलं नवा द्या म्हनून. दिला न्हाई. त्या वर्साचं समदं चार असं लंगडं हायेत."

लीलाबाई दारात उभी होती. "मग तर झालंच की," ती म्हणाली. "भावजी, तुमीच ठोकला, तुमीच पुसा. तुमच्याच घरचा आकडा."

"माझी ना न्हाई वयनी." कोंडाजीने कापड सोडून ठोकळे गव्हाणीच्या कडेला मांडले. आठचा उचलून फुंकर मारली. "असा आठ बसवतो की त्यो सायब पेन्सिल झिजवून मरंल, पन त्याला शिवन सापडायची न्हाई. घास रं तू."

वाल्मीकने ग्राइंडर हातात घेतला. बटण दाबलं. चकती फिरायला लागली, गोठाभर किंचाळी भरली. चार सपाट करायला खरंच एक मिनिट लागलं असतं. त्याने ग्राइंडर नंबरापासून वीतभर अंतरावर नेला. तिथेच धरला. मग बटण बंद केलं. चकती गरगरत थांबली.

"काय झालं?" कोंडाजीने विचारलं.

"आत्ता कागद खोटा हाय नि मी खरा हाय," वाल्मीक म्हणाला. "ह्ये घासलं की कागद खरा हुतोय. मंग मी कोन?"

"तुमी गाडीचं मालक," लीलाबाई म्हणाली. "उद्या गाडी भंगारात ग्येली की कशाचं मालक? सांगा की."

वाल्मीकने ग्राइंडर गव्हाणीत ठेवला. तिचं चुकत नव्हतं. दोन वर्षं तिने गोठ्यातला धूर खाल्ला होता, कपड्यांवरचं काळं तेल धुतलं होतं, आणि ज्या दिवशी इंजिन चाललं त्या दिवशी न बोलता सीटवर येऊन बसली होती. तिला गाडी हवी होती. त्यालाही हवी होती. पण इतके दिवस त्या ऑफिसात तो छाती पुढे काढून भांडत होता, कारण साहेब म्हणत होते तसलं काही त्याने केलेलं नव्हतं. उद्या गाडी पास झाली तरी बॉनेट उघडलं की त्याला तो आठ दिसणार. स्वतःच्या हाताने जोडलेल्या एकुलत्या एक इंजिनात एक जागा अशी, जिथे बघायचं नाही.

"मंग मला कशाला बोलिवलंस येवढ्या लांबनं?" कोंडाजी ठोकळे गोळा करता करता कुरकुरला. "तुझं नेहमीचंच हाय. लाइनीवर पन येक बोल्ट सैल वाटला की समदा पट्टा थांबवायचास."

"येकदाच थांबवला व्हता."

कोंडाजीने कापडाची गाठ मारली. "पन बोल्ट सैल व्हता," तो म्हणाला आणि चपला शोधायला लागला.

लीलाबाईने दिवसभर अबोला धरला. संध्याकाळी ताट मात्र वाढलं.

शुक्रवारी सकाळी वाल्मीक ओट्यावर बसून नंबर दुरुस्तीचा नवा अर्ज लिहायला लागला. किमया कॉफीचा कप घेऊन पायरीवर उभी होती.

"काका, ह्या वेळी आकडे इंग्रजीत लिहा ना. प्लीज."

"का?"

"परत आठ वाचतील."

"मला चार लिवता येतोय. त्यांना वाचता येत न्हाई, तर त्यांनी शिकावं." तरी त्याने आकड्यांखाली अक्षरांतही लिहिलं, तीन दोन शून्य चार दोन तीन. अर्ज पानाच्या अर्ध्यावर संपवला. खालचं अर्धं पान कोरं ठेवलं.

जीप घेऊन तो एकटाच गेला. फाटकाशी, खिडकीच्या बरोबर समोर उभी केली आणि बंद न करताच उतरला. शेखर झाडाखालून ओरडला, "तात्या, गाडी चालू ऱ्हायली." वाल्मीक म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

रांग होती. तो रांगेत उभा राहिला. खिडकीशी पोचायला पाऊण तास लागला.

"साहेब मीटिंगला गेलेत," बाई म्हणाल्या. "सोमवारी या."

"मुदत आज संपत्या."

"मग नव्याने अर्ज करा."

"नव्यानं करता येत न्हाई. गाडीचीच मुदत संपत्या. तुमचाच नियम हाय."

बाईंनी मान वर केली. चेहऱ्यावर आठवडाभराचा शीण होता. "हे बघा काका," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी ह्या टेबलावर येऊन महिना झाला. तो आठ मी टाकलेला नाही."

"मंग कुनी टाकला?"

"कंत्राटावरची मुलं होती टायपिंगला. कंत्राट संपलं. गेली."

म्हणजे चूक करणारा आता नव्हता. दुरुस्त करणारा मीटिंगला गेला होता. मधे नुसती खिडकी होती आणि खिडकीत एक दमलेली बाई, जिच्यावर ओरडून काही उपयोग नव्हता. वाल्मीकला संताप आला. त्याने अर्ज जाळीखालच्या फटीतून आत सरकवला. बाहेर इंजिन चालू होतं. एका लयीत, न अडखळता. त्याची धडधड खिडकीच्या काचेत उतरत होती.

"ती आवाज करतीया ती माझी गाडी," तो म्हणाला. "तिला काय झालेलं न्हाई. हितं अर्धं पान कोरं ठेवलंय. लिवा."

"काय लिहू?"

"आज सांजच्याला तिला भंगारात कोन घालतंय, त्याचं नाव."

"असं नाव कसं लिहिणार? ते सिस्टीम—"

"सिस्टीम नको. मानसाचं नाव पायजे. तुमचं न्हाई तर तुमचं लिवू नका. ज्याचं हाय त्याचं लिवा."

मागे कुणीतरी 'मामा' म्हणून सुरुवात केली आणि मान उंचावून आत बघायला लागलं. वाल्मीकने खिशातलं पेन काढलं, टोपण काढून फटीतून आत धरलं. बाईंनी ते घेतलं नाही, आणि परतही ढकललं नाही.

"नाव सांगा, बाई," तो म्हणाला. "कोन हाय त्यो?"